मल्लम्माची शीतनिद्रा आणि अभिप्रायाची टंचाई

माणसाची योग्यता तो काय करतो यावरून ठरते, असं शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. ते भिंतीपुरतं खरं आहे. भिंतीच्या बाहेर माणसाची योग्यता तो कुठं बसतो यावरून ठरते. सभेत पहिल्या रांगेत घोरणारा माणूस मान्यवर असतो आणि मागं उभं राहून भाषण नीट ऐकणारा माणूस गर्दी असतो. खुर्ची गेली की माणूस तोच राहतो, पण त्याला नमस्कार करणारे हात एकाएकी कामात असतात.

मुरुमच्या बाजारात भांड्यांच्या गल्लीत हे शास्त्र मल्लम्माइतकं कुणालाच कळलेलं नव्हतं. तिचं शिक्षण दुसरी. (तिसरीत का गेला न्हाईत, असं कुणी विचारलंच तर ती सांगायची, दुसरीतच मास्तरांकडचं संपलं.) दुकानाच्या दारात, उंबऱ्याच्या आत डाव्या हाताला तिची गादी होती. आधी त्या गादीवर तिचा नवरा धोंडप्पा बसायचा. धोंडप्पा गेला तेव्हा गादी रिकामी राहिली ती फक्त त्याला समाधी देऊन माणसं घरी येईपर्यंत. आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून मल्लम्मा जी गादीवर बसली ती आजतागायत. वय झालं बहात्तर. कंबर वाकली नाही, कारण वाकायचा प्रसंगच कुणी तिच्यावर आणला नाही.

दुकानाची पद्धत अशी होती. गिऱ्हाईक बाईनं कपाटातलं पातेलं उचलायचं आणि मल्लम्माच्या हातात द्यायचं. मल्लम्मा ते कानाजवळ धरून बोटाच्या पेरानं एकदा वाजवायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "ने." किंवा म्हणायची, "ठेव." तिनं "ने" म्हटलेलं पातेलं तीन पिढ्या टिकतं, असा लौकिक पार सास्तूरपर्यंत होता. सास्तूर, लोहारा, उमरगा, पलीकडं कर्नाटकातली चार गावं, इथल्या लग्नांचा भांड्यांचा संच मल्लम्मानं वाजवल्याशिवाय मांडवात जायचा नाही.

त्या आवाजात तिला काय ऐकू यायचं, हे सांगणं शोभत नाही, पण कथेच्या सोयीसाठी सांगावं लागतं. काही नाही. एकाच कारखान्यातून एकाच खोक्यात आलेली स्टीलची पातेली एकसारखीच वाजतात. "ठेव" म्हणण्याचं प्रमाण सुमारे चौदा टक्के होतं आणि तेही विश्वास टिकावा म्हणून. "ठेव" म्हटलेलं पातेलं कपाटात परत जायचं आणि पुढच्या बाईला "ने" म्हणून मिळायचं. फसवणूक कुणाचीच होत नव्हती. बायका पातेलं घ्यायला येत नव्हत्याच. पातेली उमरग्यातही मिळतात.

अशा या बाईला 'तारकायान' ही मालिका आवडते, याचं बाहेरच्यांना नवल वाटे. गल्लीला वाटत नसे. बाकीच्या मालिकांत सासवा सुनांविरुद्ध कट करतात. "जे घरात फुकट होतंय ते टीव्हीवर कशाला बघायचं?" हा मल्लम्माचा बिनतोड सवाल होता. तारकायान वेगळं होतं. एक मोठं यान कुठल्या तरी ताऱ्याकडं निघालेलं, त्यात शेकडो माणसं आणि सगळ्यांच्या मधोमध उंचावर एक खुर्ची. त्या खुर्चीत कप्तान आर्यमन बसायचा. त्याच्या गैरहजेरीत दुसरा कुणी बसला की त्या भागात तो हमखास मरायचा. विज्ञान म्हणतात ते हेच, अशी मल्लम्माची खात्री होती.

दर गुरुवारी संध्याकाळी सातला गल्ली तिच्या पुढच्या खोलीत जमायची. बाजार समितीतून निवृत्त झालेले कारकून शरणप्पा यांनी या कार्यक्रमाला शिस्त लावून दिली होती. खुर्चीवर मल्लम्मा. सतरंजीवर पासष्टच्या पुढचे. फरशीवर बाकीचे. जाहिरातीत बोलायला मुभा, मात्र मालिकेविषयी नाही. भाग संपला की टीव्ही बंद करायचा आणि मल्लम्माकडं बघायचं. ती पानाला चुना लावेपर्यंत शांतता. मग ती सांगायची, "चांगला झाला," किंवा "वाया गेला." त्यानंतर ज्याला जे वाटायचं ते वाटून घ्यायला मोकळीक होती. (कुणाला घाईनं आधीच वाटलं तर त्यानं ते घरी जाऊन वाटून घ्यावं, असा संकेत होता.)

मल्लम्माची नात शिवांजली उमरग्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकत होती. तिला सुरुवातीला आपलं आपण वाटायचं. तिसऱ्या-चौथ्या भागानंतर तिनंही ते बंद केलं. सोपं पडतं.

आता या घरात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणी बोलत नव्हतं. मल्लम्माचा मुलगा गौरीशंकर याला दुकानाची शोरूम करायची होती. काचेचं दार, काचेचं काउंटर, गार हवेचं यंत्र. काचेच्या दाराला उघडायला जागा लागते. ती जागा उंबऱ्याच्या आत डाव्या हाताला होती. गौरीशंकर वयानं पन्नाशीचा, अंगानं धिप्पाड, व्यापारी संघाचा उपाध्यक्ष. आईसमोर मात्र त्याचं वाक्य "अव्वा, म्हनजे कसंय" इथून पुढं जायचं नाही. सहा महिने ते वाक्य घरात तसंच अर्धवट पडून होतं.

आणि मग तारकायानचा तो भाग आला.

त्या भागात यानातलं हवा तयार करायचं यंत्र बिघडतं. हवा सगळ्यांना पुरणार नसते. परिषद बसते आणि ठरवते की पासष्टच्या पुढच्या सगळ्यांना शीतनिद्रेत ठेवायचं. मारायचं नाही. फक्त गार पेटीत निजवायचं, म्हणजे ती श्वास घेणार नाहीत आणि तरुणांना हवा उरेल. नवा तारा आला की उठवायचं. कप्तानाची आई इरावती सगळ्यांत आधी पुढं येते. झेंडूचा हार घातला जातो. काचेच्या पेटीत निळा उजेड पडतो. कप्तान रडतो. आई हसते. झाकण लागतं. संगीत.

फरशीवरच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले, पण रडणं मात्र अडवून धरलं, कारण निकाल यायचा होता. एकच माणूस नियम मोडून उघड हुंदके देत होता. तो गौरीशंकर. आयुष्यात पहिल्यांदा तो हा कार्यक्रम बघायला बसला होता.

मल्लम्मानं पान काढलं. चुना लावला. बराच वेळ लावला.

"कप्तान रडला चांगला," ती म्हणाली. "म्हातारीनंबी काम चांगलं केलंय. निळा उजेड तर लईच."

गल्ली सुटकेचा श्वास सोडणार, तेवढ्यात ती पुढं म्हणाली, "पन."

तारकायान सुरू झाल्यापासून निकालात 'पन' आलं नव्हतं.

"झेंडू आला कुठनं?" मल्लम्मानं विचारलं.

"त्यांच्याकडं यानात बाग हाय, अव्वा," शिवांजली म्हणाली. "मागच्या भागात दाखिवली की."

"बाग हाय, झाडं हायती, मग हवा कशी काय कमी पडली? तूच म्हनतीस ना, झाडं हवा देतेत म्हनून? हारासाठी फुलं निघतेत आन म्हातारीला हवा निघत न्हाय व्हय?"

भौतिकशास्त्राला यावर उत्तर नव्हतं. (वनस्पतिशास्त्र तिनं घेतलं नव्हतं.)

"आन दुसरं. आडवं निजिवलं. आपल्यात माणूस मेलं तरी बसवून समाधी देतेत. ह्यांनी जित्या मानसाला आडवं केलं. कप्तानाच्या आईला. बसाय एक खुर्चीबी दिली न्हाय." तिनं पान तोंडात घातलं. "चांगला झाला. पन मला पटला न्हाय."

गल्ली गोंधळून घरी गेली. चांगला आणि वाया या दोन निकालांवर सगळ्यांचं आयुष्य बेतलेलं होतं. चांगला पण न पटलेला, ही जात त्यांनी पाहिली नव्हती. पिंजारी पाशामियाँ, ज्यांनी मल्लम्माच्या गादीचा कापूस दर दोन वर्षांनी स्वतःच्या हातानं पिंजला होता, ते घरी जाऊन अर्धी भाकरी खाऊन उठले. उरलेली अर्धी खावी की नाही, ते त्यांना ठरेना.

असल्या संमिश्र अभिप्रायाचा एक फायदा असतो. त्यातला आपल्या सोयीचा अर्धा भाग ग्राह्य धरता येतो. सकाळी चहाला गौरीशंकरनं तो धरला.

"अव्वा, कालचा भाग लई भारी झाला."

"तू कवापासनं बघाय लागलास?"

"कालपासनं. त्या आईनं त्याग काय केला बघा. कुनी म्हनलं नव्हतं तिला. सवताहून गेली."

"कुनी म्हनलं नव्हतं कसं? परिषद बसली व्हती की."

"तेच म्हनतोय मी," गौरीशंकर म्हणाला. "आपनबी एकदा बसू. म्हनजे कसंय, अव्वा..."

वाक्य नेहमीच्या जागी आलं आणि थांबलं. त्याची बायको सत्यभामा चुलीजवळून बघत होती. तिला दुपारच्या आत स्वयंपाक उरकायचा होता.

"काचंचं काउंटर सांगितलंय ह्यांनी लातूरला," ती म्हणाली. "सोमवारी येतंय. गादी बसत न्हाय त्यात. तुमी आता मागच्या खोलीत आराम करायचा, असं ह्यांचं म्हननं हाय."

सहा महिन्यांचं वाक्य पूर्ण झालं. गौरीशंकरनं चहात बघितलं.

राग आला की मल्लम्मा नेहमी करायची तेच तिनं केलं. ती गोड झाली. तिच्यापुढं अडचण होती. कप्तान चुकत नाही, हे तिनं स्वतः गल्लीला एवढी वर्षं सांगितलं होतं. कप्तानाच्या शब्दावरून तिनं दोन सोयरिकी जमवल्या होत्या आणि एक मोडली होती. आता कप्तान चुकला म्हणावं तर आपलीच जीभ चुकली म्हणावी लागणार, आणि ते तिला येत नव्हतं. दुसरीपर्यंत ते शिकवत नाहीत.

"बरं," ती म्हणाली. "कप्तानानं केलं ते बरुबर. मग त्यानं केलं तसंच करायचं. अर्धंमुर्धं न्हाय. परिषद बसवा. हार आना. आन मी एकटी न्हाय. गल्लीतलं पासष्टच्या म्होरचं समदं. नवा तारा येईपतुर."

तिचा हिशोब साधा होता. आपण गादीवरून उठलो की गल्ली तिसऱ्या दिवशी पायाशी येईल. ज्यांना आपल्या जागेची खात्री असते त्या सगळ्यांचाच हा हिशोब असतो, आणि बरीचशी सरकारं त्यावर पडली आहेत.

शरणप्पांना आणि पाशामियाँना पटवायला वेळ लागला नाही. शरणप्पा मुलाच्या किराणा दुकानात बसत, पण मुलानं त्यांचं स्टूल हळूहळू सरकवत पोत्यांच्या मागं नेलं होतं. पाशामियाँचा मुलगा सैफ फोमच्या गाद्या विकत होता आणि बापाची पिंजण दुकानात शोभेला टांगली होती. तिघांनाही आपापल्या घराला अद्दल घडवायची होती. शरणप्पांनी ठराव स्वतः लिहिला, कारण ठराव लिहून त्यांना वर्षं झाली होती आणि हात शिवशिवत होता.

"विषय: गल्लीतील हवेची बचत करण्याबाबत. सभेपुढं असं निदर्शनास आणण्यात आलं की गल्लीत हवा मुबलक आहे. तथापि बचतीची सवय असावी. सबब वय वर्षे पासष्टवरील रहिवाशांना सन्मानपूर्वक शीतनिद्रेत ठेवण्यास ही सभा मंजुरी देत आहे. शीतनिद्रेत बोलणं, सल्ला देणं, खाकरणं आणि 'आमच्या वेळी' या शब्दांनी वाक्य सुरू करणं यास मनाई राहील. चहा औषध समजला जाईल."

ठराव एकमतानं मंजूर झाला. तरुणांच्या बाजूनं इतक्या लवकर हात वर गेले की शरणप्पांना वाचन पूर्ण करता आलं नाही.

शनिवारी दुकानामागच्या खोलीत तीन मच्छरदाण्या बांधल्या. काचेच्या पेट्यांची व्यवस्था मुरुममध्ये होण्यासारखी नव्हती. सत्यभामानं निळा दिवा लावला. सैफनं आपल्या दुकानातून फोमची गादी आणली, ती पाशामियाँनी पायानं बाजूला सारली. झेंडूचे हार घातले. निजायच्या पद्धतीवरून थोडा पेच झाला. मल्लम्मा आणि शरणप्पा बसूनच निद्रा घेणार होते.

"पाशाभाई, तुमी काय करता?"

"आमच्यात आडवंच, अक्का."

"मग तुमी आडवं व्हा. ज्याचं त्यानं."

अशा रीतीनं दोन बैठ्या आणि एक आडवी निद्रा सुरू झाली. गौरीशंकर मच्छरदाणीसमोर कप्तानासारखा रडला. त्याचं रडणं खरं होतं. आपण सुटलो की माणसाला खरोखरच भरून येतं.

भिंतीपलीकडं दुकान होतं आणि मल्लम्माला सगळं ऐकू येत होतं. ती गल्ली कोलमडण्याची वाट बघू लागली.

गल्ली कोलमडली नाही.

न घडलेल्या गोष्टी पुढीलप्रमाणे. नळाला पाणी यायचं थांबलं नाही. दूधवाल्यानं पाणी वाढवलं नाही. (होतं तेवढंच ठेवलं.) शरणप्पांच्या मुलाच्या दुकानात उधारी बुडाली नाही. फोमची विक्री घटली नाही, उलट वाढली. सत्यभामानं नेहमीसारखाच आमटीत लसूण कमी आणि चिंच जास्त घातली, आणि मच्छरदाणीत बसलेल्या मल्लम्माला तिचा वास आला तेव्हा तोंडाला पाणी सुटलं. हे तिला सगळ्यांत लागलं. एवढी वर्षं ती त्या आमटीला नावं ठेवत होती ती आमटी सुधारावी म्हणून. ती आमटी बहुधा पहिल्यापासूनच चांगली होती.

सोमवारी लातूरहून काउंटर आलं. गादी गुंडाळण्याचा आवाज तिनं ऐकला. कापूस दाबताना हवा निघते तसा तो आवाज होता. मग काच सरकल्याचा आवाज. मग गिऱ्हाइकांचा. बायका नवीन दुकान बघायला आल्या आणि बघता बघता पातेली घेऊन गेल्या. सास्तूरच्या एका लग्नाचा पुरा संच गेला. वाजवल्याशिवाय.

"अक्का," आडव्या मच्छरदाणीतून पाशामियाँ हळूच म्हणाले, "जागी हायसा?"

"बोलायला मनाई हाय."

"सगळं चाललंय की ओ आपल्याबिगर."

मल्लम्मानं गळ्यातला हार सारखा केला. मग म्हणाली, "आयकू येतंय मला."

"माझं पोरगं गिऱ्हाइकाला सांगत व्हतं, फोम पिंजावं लागत न्हाय म्हनून. खरंच हाय ते. न्हाय लागत."

शरणप्पा बसल्या जागी खरंच झोपले होते. आयुष्यभर ते कार्यालयात असेच झोपले होते. त्यांना शीतनिद्रा सोसली. मल्लम्मा मात्र पाठ ताठ ठेवून निळ्या उजेडाकडं बघत राहिली. कप्तानाची आई झाकण लागताना का हसली असेल, असा विचार तिच्या मनात आला. मग लक्षात आलं की हसली ते कॅमेरा समोर होता म्हणून. झाकण लागल्यावर तिचं तोंड कुणी दाखवलंच नव्हतं. मल्लम्मानं पदराचं टोक डोळ्याला लावलं आणि कुणी बघितलं का म्हणून पाशामियाँच्या मच्छरदाणीकडं पाहिलं. ते भिंतीकडं तोंड करून पडले होते. भला माणूस.

बुधवारी पहिलं पातेलं परत आलं.

"काय झालं? पोचा हाय का?" भिंतीपलीकडून गौरीशंकरचा आवाज.

"पोचा न्हाय," बाई म्हणाली.

"गळतंय?"

"गळतबी न्हाय. घेतलं खरं, पन चांगलं हाय का न्हाय, ते कळंना झालंय. जाऊ म्हनती चांगलं हाय. पन तिचं काय खरं. अव्वा उठल्या का?"

"ताई, तुमाला आवडलं तर चांगलंच म्हनायचं की."

इथं गौरीशंकरनं व्यापारातली मोठी चूक केली. गिऱ्हाइकाला स्वतःचं मत विचारू नये. बाई घाबरली. तिनं पातेलं काचेवर ठेवलं आणि निघून गेली. दुपारपर्यंत काचेवर पातेल्यांची चळत लागली. सास्तूरचा लग्नाचा संच टेम्पोतून परत आला. मुलीच्या आईनं निरोप दिला होता की भांडी लखलखीत आहेत, वजनाला चोख आहेत, पण न वाजवलेल्या भांड्यांवर सोयरे काय म्हणतील. सोयरे काय म्हणतील हे सोयऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. तेही कुणाच्या तरी तोंडाकडं बघत होते.

आणि मग गुरुवार आला.

सातला गल्ली पुढच्या खोलीत जमली. मल्लम्माची खुर्ची रिकामी होती आणि तिच्यात कुणी बसलं नाही. (विज्ञान सगळ्यांना ठाऊक होतं.) भाग सुरू झाला. मागच्या खोलीत फक्त संगीत ऐकू येत होतं, तेही पंख्याच्या आवाजात मिसळून. भाग संपला. टीव्ही बंद झाला. सगळ्यांनी खुर्चीकडं बघितलं.

शांतता फार लांबली. कुणाचाही पदर डोळ्याला गेला नाही आणि कुणी हसलंही नाही. लहान मुलं आयांच्या तोंडाकडं बघत होती, आया एकमेकींच्या आणि पुरुष छताच्या. शेवटी एक बाई म्हणाली, "मला वाटतंय..." आणि स्वतःच दचकून गप्प बसली.

"शिवांजली, फोनवर बघ की," गौरीशंकर म्हणाला. "लोकं लिहितेत न्हवं का त्याच्यावर."

शिवांजलीनं बघितलं. "निम्मे म्हनतेत आजवरचा सगळ्यात चांगला भाग. निम्मे म्हनतेत मालिका बंद करा."

"मग आपलं काय?"

"आपलं कायच न्हाय लिहिलेलं त्यात, अप्पा."

जेवणं झाली नाहीत. भाग आवडला असता तर गोड करायची पद्धत होती, वाया गेला असता तर पिठलं. चूल पेटवून सत्यभामा तशीच उभी राहिली. शेवटी तीच म्हणाली, "आता बास झालं. उठवा त्यांना. गल्ली उपाशी निजायची."

गल्ली मागच्या खोलीत शिरली. तिन्ही मच्छरदाण्यांसमोर माणसं हात जोडून उभी राहिली. गौरीशंकर पुढं झाला.

"अव्वा, भाग झाला."

त्यानं मच्छरदाणीचं टोक जरासं उचललं.

"अव्वा, कसा झाला तेवढं सांगा."

"मी शीतनिद्रेत हाय," मल्लम्मा म्हणाली. "सल्ला द्याला मनाई हाय. ठराव बघा."

शरणप्पा जागे झाले आणि त्यांनी ठराव बरोबर असल्याचं सांगितलं. ठराव रद्द करायला सभा घ्यावी लागते, सभेला सात दिवसांची सूचना लागते, असंही सांगितलं. ते फार वर्षांनी कामाला आले होते.

"नवा तारा आल्याबिगर उठिवता येत न्हाय," मल्लम्मा म्हणाली. "तारा आला का?"

गौरीशंकरनं मागं वळून बायकोकडं बघितलं. बायकोनं चुलीकडं बघितलं. मग तो काही न बोलता दुकानात गेला. काच सरकल्याचा आवाज आला. मग कापूस झटकल्याचा.

"उंबऱ्याच्या आत टाकलीया," तो दारात येऊन म्हणाला. "डाव्या हाताला. काचंचं दार अर्धंच उघडंल आता."

"अर्धं पुरं. चांगलं गिऱ्हाईक कधी आडवं येत न्हाय."

मल्लम्मा उठली. हार तिनं काढला नाही. सगळ्यांना मागं घेऊन ती दुकानात गेली, गादीवर बसली, मांडी घातली, पानाचा डबा मागितला. चुना लावला. गल्लीनं श्वास धरला होता. ठरावात म्हटल्याप्रमाणे हवेची बचत त्या आठवड्यात झाली असेल तर ती एवढीच.

"सुरवात बरी व्हती," मल्लम्मा म्हणाली. "मधी लई वढलं. शेवट घाईघाईत उरकला. पन एकूनात चांगला झाला."

सत्यभामा तिथूनच वळली आणि गूळ काढायला गेली. बायका मोकळेपणानं रडल्या. एक म्हणाली की मधलं ओढलं हे तिला तेव्हाच वाटलं होतं, दुसरी म्हणाली की शेवटाची घाई तिलाही खटकली होती. सैफनं बापाला हाताला धरून उठवलं आणि विचारलं, "अब्बा, तुमाला कसा वाटला?" पाशामियाँ म्हणाले, "अक्का म्हनल्या तसाच," आणि आठवड्यात पहिल्यांदा त्यांना भूक लागली. काचेवरची चळत मल्लम्मापुढं आली. तिनं एकेक पातेलं कानाशी धरून वाजवलं आणि म्हटलं, "ने. ने. ने. हे ठेव. ने."

शिवांजली तेवढी अवघडून उभी होती. गर्दी पांगल्यावर ती आजीजवळ बसली.

"अव्वा," ती हळू आवाजात म्हणाली, "तुमी तर भाग बघितलाच न्हाय."

मल्लम्मानं नातीकडं बघितलं. रागानं नाही. भांड्याकडं बघावं तसं.

"बघितला असता तर मीबी तुमच्यासारखीच गप बसली असती की," ती म्हणाली.

त्या भागात कप्तानाच्या आईला उठवलं की नाही, हे गल्लीत आज कुणालाही आठवत नाही. भाग चांगला झाला, सुरुवात बरी होती, मधी ओढलं, एवढं मात्र लहान पोरगंसुद्धा सांगतं. गादी जागेवर आहे. काचेचं दार अर्धंच उघडतं आणि गिऱ्हाइकं तिरकी होऊन आत येतात.

ही हकिकत इथं संपते. आता वाचकांची अडचण आम्हाला समजते. सुज्ञ वाचक या ओळीपर्यंत येऊन थांबलेले असतील आणि ही आवडली का नाही, हे ठरवण्यासाठी इकडंतिकडं कुणाकडं तरी बघत असतील. त्यांच्या सोयीसाठी मुरुमला माणूस पाठवून मल्लम्माचं मत मागवलं आहे. तिनं ही वाचलेली नाही. सुरुवात बरी आहे, मधी ओढलंय, एकूणात ने, असं तिचं म्हणणं पडलं. वाचकांनी आता आपापलं मत बनवून घ्यायला हरकत नाही.